कोमट इंजिन

चिनात्सूने उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि उघडा तळहात इंजिनाच्या लोखंडावर ठेवला. मग तो थोडा खाली सरकवला आणि पुन्हा तसाच टेकवला. धक्क्यावरच्या दोरांवर अजून दव गोठलेलं होतं. लोखंड मात्र नुकत्याच रिकाम्या केलेल्या किटलीसारखं कोमट होतं.

"काय झालं?" वरून तिच्या नवऱ्याने, केन्गोने विचारलं.

"गरम आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी कोणीतरी चालवलंय."

केन्गोने धक्क्याकडे पाहिलं. बोटीचा मालक तोकुजी हामाओका तिथे रबरी बुटांत पाय रोवून उभा होता. सत्तरी ओलांडलेला, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली झुकलेला. आदल्या संध्याकाळी केन्गोने त्याला फोनवर बजावून सांगितलं होतं: काका, आम्ही येईपर्यंत इंजिनाला हात लावू नका. डिझेल इंजिनाची दुखणी गारठ्यातच बाहेर पडतात. रात्रभर थंड पडलेलं इंजिन किल्ली फिरवल्यावर किती रडतं, कसला धूर ओकतं, यावरून त्याचं सगळं आयुष्य कळतं. झिजलेलं इंजिनही आधी तापवून ठेवलं की मांजरासारखं गुरगुरतं. म्हणून विकणारे तापवतात आणि जाणकार घेणारे सगळ्यात आधी हात लावून बघतात.

"मी हात लावलेला नाही," तोकुजी म्हणाला.

"नाही, तसं नाही काका, पण ही म्हणतेय..."

"ऐकू आलं मला. डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते ऐकू आलं. ताप आहे म्हणतात. माझ्या बोटीला ताप कुठून येणार? पन्नास वर्षं या बंदरात आहे मी. विचारा मच्छीमार सोसायटीत जाऊन, तोकुजीने कधी कुणाला सडका मासा ताजा म्हणून दिलाय का!"

त्याच्या मागे थोड्या अंतरावर त्याची बायको सुमिए उकिडवी बसून ऑक्टोपस पकडायची मडकी घासत होती. मडक्यांवरचे शंख ती कोयत्याच्या पात्याने खरवडून काढत होती. तिने वर पाहिलं, ते नवऱ्याकडे नाही. चिनात्सूकडे. मग पुन्हा मडकं हातात घेतलं.

चिनात्सूने तळहात पँटला पुसला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण हसण्याच्या बेतात आहोत. सकाळच्या फेरीबोटीत बसल्यापासून आवळून धरलेले खांदे एकदम सैल झाले होते. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. आता फक्त 'चल' म्हणायचं होतं. या बंदरातला कुठलाही माणूस त्यावर तिला दोष देणार नव्हता.

कारण तिला ही बोट नको होती. हीच नव्हे, कुठलीच नको होती.

या बेटांच्या मधल्या पाण्यात नवरा-बायको मिळून एका बोटीवर जातात. नवरा पुढे जाळं ओढतो, बायको मागे सुकाणू आणि इंजिन सांभाळते. दुसरा गडी ठेवायचा तर त्याचा पगार निघत नाही. सोसायटीही नव्या माणसाला जागा देताना एवढंच विचारते, बायको येणार ना? केन्गोने गोदीतलं वेल्डिंगचं काम सोडायचं ठरवलं, सोसायटीच्या लोकांना भेटला, त्यांना 'आम्ही दोघं' असं सांगून आला, आणि मग एका रात्री जेवताना तिलाही सांगितलं. त्याचे डोळे चमकत होते. शेवटी तो म्हणाला, "इंजिन तू बघायचंस. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही. शेवटचा शब्द तुझा."

त्याने तो मान म्हणून दिला होता. चिनात्सू समोरच्या शहरात, मोठ्या भावाच्या दुरुस्तीच्या कारखान्यात बोटींची इंजिनं उघडत असे. वडिलांनी तिला लग्नाआधी दिलेलं टेबल होतं तिथे, त्यावर तिचा शिकंजा, तिचे पाने. 'चिनात्सू आहे का?' असं विचारत येणारी गिऱ्हाइकं होती. ती नसली तर 'उद्या येतो' म्हणून गिऱ्हाइकं परत जात. ते टेबल सोडायचं आहे का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते इंजिनाबद्दल.

"काय करायचं?" केन्गोने आवाज खाली आणून विचारलं. त्याच्या हातात निळ्या रुमालात बांधलेली तांदळाच्या दारूची, साकेची बाटली होती. सौदा ठरला की जुना मालक ती बोटीच्या टोकावर शिंपडतो आणि बोटीला नव्या माणसांची नावं सांगतो. घरून निघाल्यापासून केन्गोने बाटली खाली ठेवली नव्हती. "निघायचं का?"

त्याने ते इतक्या सहजपणे विचारलं की तिला राग आला. थोडा तरी वाद घालायला हवा होता त्याने. तिकडे म्हातारा ताठ उभा राहून समुद्राकडे बघत होता. चिनात्सूने इंजिनाकडे पाहिलं. नटांवर रंग शाबूत होता, पट्टा नवा होता, खाली साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंगही नव्हता. न ऐकताच एखाद्या इंजिनाला खराब म्हणायचं हे तिने आजवर केलं नव्हतं.

"थंड होऊ दे," ती म्हणाली. "दुपारी सुरू करून बघू."

कोयत्याच्या पात्याची खरखर क्षणभर थांबली.

*

थंडीच्या दिवसांतही लोखंड सावकाश निवतं. केन्गो आणि तोकुजी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन बसले, परत आले, पुन्हा गेले. चिनात्सू धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली, दीपस्तंभाच्या पायाला वळसा घालून परत आली. बोटीत उतरली, हात लावला, वर आली. थोड्या वेळाने पुन्हा उतरली. ऑइलची पट्टी काढून बोटावर थेंब घेतला, चोळला, उन्हात धरला. तेल काळं होतं, पण त्यात पाणी नव्हतं. दुधट रंग कुठेच नव्हता. गंज रोखणारे जस्ताचे तुकडेही वेळच्या वेळी बदललेले दिसत होते. ती चुकीचं काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. सापडत नव्हतं म्हणून ती आणखी खोल शिरत होती.

मागच्या बाजूला इंजिनाची लिव्हर होती. तिच्या मुठीवर फुलाफुलांच्या जुन्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून शिवलेली होती. शेजारी माशांचं पालथं खोकं, त्यावर त्याच कापडाची उशी. उशीला मधोमध खळगा पडला होता.

"गोठतेस की काय तिथे! ये जेवायला," सुमिएने वरून हाक मारली.

त्यांच्या घरी जेवायला ऑक्टोपसचा भात होता, मुळ्याचं लोणचं आणि जवाचा गरम चहा. तोकुजी एकटाच बोलत होता. मुलगा ओसाकात आहे, बाबा बस झालं म्हणतो. खांदा वर जात नाही. सोसायटीच्या लोकांशी बोललो, सगळ्यांचं एकच मत, चांगला जोडा बघून देऊन टाक.

"जोडा हवा, हे मी आधीच सांगितलं होतं," तो चिनात्सूकडे वळून म्हणाला. "एकट्यादुकट्याला देणार नाही. ही बोट एकट्याची नाहीच मुळी. पुढून मला काही दिसत नाही मागे काय चाललंय ते. हिच्या भरवशावर मी वाकतो. हात असा केला की थांब, असा केला की मागे घे. इंजिनाच्या आवाजात बोलणार काय?"

"घरी तरी कुठे बोलता," सुमिए म्हणाली.

"घरी तू बोलू देतेस का?"

केन्गो मोठ्याने हसला. सुमिएने त्याच्या वाडग्यात न विचारता भात वाढला. चिनात्सू चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. पेला गार झाला होता तरी तिने तो खाली ठेवला नव्हता.

"आणि काकूंचं काय म्हणणं आहे?" तिने विचारलं.

"कशाबद्दल?" तोकुजीने विचारलं.

"बोट विकण्याबद्दल."

त्याने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हा प्रश्न तिलाही विचारता येतो हे त्याला आत्ताच कळत होतं.

"हिचे गुडघे दुखतात," तो म्हणाला.

सुमिए उठली आणि भांडी घेऊन मोरीकडे गेली.

*

ऊन कलल्यावर चिनात्सूने शेवटचा हात लावला. लोखंड थंडगार पडलं होतं.

"किल्ली," ती म्हणाली.

किल्लीला बुचाचा गोळा बांधलेला होता, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. तोकुजीने ती खिशातून काढून बायकोकडे दिली, कारण सुरू तीच करायची. सुमिए उशीवर बसली आणि किल्ली अर्धी फिरवून आतली तार तापेपर्यंत थांबली. आकडे मोजत नव्हती. नुसती ऐकत होती. मग तिने किल्ली पूर्ण फिरवली.

इंजिन लागलं. खोकलं नाही, अडखळलं नाही. मागून पांढऱ्या धुराचा एक झोत निघाला आणि दोन श्वासांत विरला. चिनात्सूने तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढून त्यावर हात धरला. आतून वाफेचा जोर नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिने एकेका सिलिंडरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. सगळीकडे तोच एकसारखा, कोरडा ठोका. इतकी वर्षं वापरलेलं इतकं निरोगी इंजिन तिने कारखान्यात क्वचित पाहिलं होतं.

ती तशीच वाकून राहिली, स्क्रू ड्रायव्हर कानाला. ऐकायचं काही उरलं नव्हतं. अशा इंजिनात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मग सकाळी ते तापवलं कशाला?

"पाण्यावर नेऊ या," तोकुजी ओरडला. त्याचा चेहरा उजळला होता. "आता बघा म्हणावं ताप!"

बंदराच्या भिंतीबाहेर पडल्यावर सुमिएने लिव्हर पुढे दाबली. बोट नाक उचलून धावायला लागली. पूर्ण जोरावरही धूर काळा झाला नाही. पुढे तोकुजी केन्गोला जाळं ओढायचं रहाट दाखवत होता. दोघंही पाठमोरे होते. वारा आणि इंजिन यांच्या आवाजात पुढचं मागे आणि मागचं पुढे ऐकू येणं शक्य नव्हतं.

चिनात्सू सुमिएच्या कानाशी वाकली.

"काकू, सकाळी इंजिन तुम्ही चालवलंत."

सुमिएची नजर पुढेच होती. "गेल्या महिन्यात एक आला होता," ती म्हणाली. "कोटबिट घातलेला. हात लावला, तोंड वाकडं केलं, आणि त्याच फेरीबोटीने परत गेला. यांना काही कळलंच नाही. वाटलं, आज येणारेही तसेच परत जातील."

"काका म्हणे पन्नास वर्षं कुणाला फसवलं नाही. मी त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडलं."

"हो. ते वाईट झालं." तिने लिव्हर जराशी मागे घेतली. पुढे तोकुजी जाळ्याच्या दोरावर वाकत होता. 'थांब' म्हणून हात त्याने त्यानंतर वर केला. "त्यांना खोटं पाडायचं नव्हतं मला. बोट ठेवायची होती."

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? सगळी बोलणी झाल्यावर मला कळलं. मुलाशी झाली, सोसायटीत झाली. जमिनीवर ते सांगतात ते होतं. इथे त्यांना कुठे न्यायचं ते मी ठरवते. एवढीच जागा आहे माझी." तिने हनुवटीने उशी दाखवली. "चाळीस वर्षं यांची पाठ बघतेय. तोंडापेक्षा पाठ बरी. पाठ खोटं बोलत नाही, आणि कुरकुरत तर अजिबातच नाही."

चिनात्सूला हसू आलं आणि ते लगेच गेलं.

"तू का थांबलीस?" सुमिएने विचारलं. "तुला तर जायचं होतं."

"मला?"

"इंजिनाला हात लावलास तेव्हा मी तुझं तोंड बघत होते. फसवणूक पकडल्यावर माणूस चिडतो. तू सुटल्यासारखी दिसलीस."

सुमिए उठली, गुडघ्यावर हात टेकवून बाजूला झाली आणि तिने लिव्हर सोडून दिली. बोट तशी मोकळी सोडता येत नाही. चिनात्सूला ती धरावीच लागली.

फुलांच्या कापडाखाली इंजिनाची थरथर मनगटापर्यंत येत होती. पुढे केन्गो रहाटावर ओणवा झाला. जाळं एका बाजूला ताणलं गेलं तसं तिने, त्याने हात वर करायच्या आत, लिव्हर मागे घेतली आणि सुकाणू किंचित वळवलं. ताण सुटला. केन्गोला कळलंही नाही. तो आपला दोर ओढत राहिला. जाकिटाखाली त्याचे खांदे आनंदाने हलत होते. त्याच्या पाठीवर काय चाललंय हे तिला अगदी स्पष्ट वाचता येत होतं. हे आपल्याला जमेल, फार चांगलं जमेल, हे तिला कळलं. उद्या जमेल, पुढच्या वर्षी जमेल, उशीत खळगा पडेपर्यंत जमेल. आणि कारखान्यातलं ते टेबल कायमचं सुटेल.

"घ्या," ती सुमिएला म्हणाली.

"आवडलं नाही?"

"घ्या ना, काकू."

*

धक्क्याला लागल्यावर तोकुजीने पुढचा दोर बांधला. सुमिएने इंजिन सावकाश चालत ठेवलं होतं. केन्गो उड्या मारतच मागे आला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि त्याने निळ्या रुमालाची बाटली पुन्हा हातात घेतली होती.

"मग?" त्याने विचारलं.

मागे तोकुजीही येऊन उभा राहिला. तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. दोन बायकांचं काम झालं असतं, आणि त्या दोघीच काय ते जाणत्या. चिनात्सूने सुमिएकडे पाहिलं. ती लिव्हरच्या मुठीवरचा सुटलेला धागा बोटाने आत खोचत होती.

"इंजिन उत्तम आहे," चिनात्सू म्हणाली. "या किमतीला असं दुसरं मिळणार नाही. काका, सकाळी मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

"असू दे, असू दे," तोकुजी म्हणाला. त्याने बाहीने नाक पुसलं. केन्गोची बोटं रुमालाच्या गाठीवर गेली.

"पण मी बोटीवर येणार नाही."

गाठ अर्धी सुटली होती. केन्गोची बोटं तिथेच थांबली.

"म्हणजे आज..."

"आज नाही, उद्या नाही. मला कारखान्यातच राहायचंय."

"इंजिनात काही आहे का?" तोकुजीने विचारलं. "असेल तर सांगा सरळ."

"नाही काका. इंजिनात काही नाही."

धक्क्याच्या कडेला पाणी आपटत होतं. केन्गोने हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तू सांगितलंस त्या रात्रीपासून."

"तेव्हाच बोलायचंस की."

"हो," ती म्हणाली. "तेव्हाच बोलायला हवं होतं."

त्याने रुमालाची टोकं पुन्हा एकमेकांवर आणली आणि गाठ मारली. एकदा सैल पडली म्हणून सोडून पुन्हा मारली. मग तो धक्क्यावर चढला आणि तिला वर घ्यायला त्याने हात पुढे केला. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही. तिने हात धरला. तो गार होता आणि त्याला जाळ्याचा वास येत होता. फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला, तरी दोघांपैकी कुणीच पाऊल उचललं नाही.

खाली तोकुजीने डोक्यावरची टोपी काढून झटकली.

"असो. दुसरा जोडा मिळेल," तो म्हणाला. "बंद कर गं ते. उगाच डिझेल जाळतेस."

सुमिएने इंजिन बंद केलं. एकाएकी पसरलेल्या शांततेत तोकुजीने सवयीने, मागे न बघता, किल्लीसाठी हात मागे केला.

सुमिएने किल्ली काढली, बुचाच्या गोळ्यावरचं पाणी निपटलं आणि ती स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात टाकली. मग ती उशीवर बसली.

तोकुजीचा हात तसाच थोडा वेळ मागे पसरलेला राहिला. मग त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं.